कोकणातल्या परसबागेसाठी सेंद्रिय खतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्यातल्या परड्यांतून, तसंच मुंबई-ठाण्याच्या गच्च्यांवरून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. उत्तरं जांभ्या मातीला आणि चार महिन्यांच्या मुसळधार पावसाला धरून दिली आहेत. देशावरच्या काळ्या मातीत जिथे फरक पडतो, तिथे तसं सांगितलं आहे.

१. शेणखत, गांडूळ खत, पेंड, जीवामृत हे सगळं एकच का? एक घातलं की दुसरं नको, असं चालेल का?

नाही, कामं वेगळी आहेत. शेणखत, कंपोस्ट, गांडूळ खत ही भरखतं. त्यांत अन्नद्रव्यं थोडी असतात, पण ती मातीला भुसभुशीत करतात आणि पाणी धरून ठेवायला मदत करतात. पेंडी, हाडांचा चुरा, मासळीचं खत ही जोरखतं. थोड्या वजनात जास्त अन्न. चांगल्या शेणखतात नत्र (नायट्रोजन) साधारण अर्धा टक्का, निंबोळी पेंडीत पाच टक्क्यांच्या आसपास. म्हणजे दहा किलो शेणखतातून जेवढं नत्र मिळतं, तेवढं एक किलो पेंडीतून मिळतं. म्हणून नुसत्या पेंडीवर बाग चालवायची म्हटलं तर माती दोन-तीन वर्षांत घट्ट होते, आणि नुसत्या शेणखतावर मिरची-वांग्यासारखी खादाड झाडं उपाशी राहतात. पायाला भरखत आणि वाढीच्या काळात वरून जोरखत, अशी सांगड घालावी. जीवामृताचं प्रकरण तिसरंच आहे, ते प्रश्न १३ मध्ये.

२. आमची माती लाल, जांभ्याची. दरवर्षी टोपल्याच्या टोपल्या खत घालतो, तरी पुढच्या वर्षी माती पुन्हा तशीच. खत जातं कुठे?

तीन वाटांनी जातं. कोकणात बारा महिने ऊब असल्यामुळे मातीतले जिवाणू सेंद्रिय पदार्थ झपाट्याने खाऊन संपवतात. थंड प्रदेशात जे खत तीन-चार वर्षं पुरतं, ते इथे एका वर्षात विरतं. दुसरं, रत्नागिरी-सिंधुदुर्गात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. विरघळलेलं नत्र आणि पालाश (पोटॅश) त्या पाण्याबरोबर मुळांच्या खाली निघून जातं. तिसरं, जांभ्या मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून बसतं. स्फुरद मातीत असतं, पण झाडाला मिळत नाही.

म्हणून इथे एकदाच भरपूर घालण्यापेक्षा थोडं थोडं, विभागून आणि झाकून घालण्याला महत्त्व आहे. खत घातल्यावर त्यावर पातेऱ्याचा (गळलेल्या वाळक्या पानांचा) चार बोटं थर नसेल, तर जुलैच्या पहिल्या झडीत वरचा भाग वाहून बांधापलीकडे गेलेला असतो. या पानावरच्या बहुतेक उत्तरांचं मूळ इथेच आहे.

३. मग खत घालायचं केव्हा? मिरगाला की पाऊस ओसरल्यावर?

दोन्ही वेळा, निम्मं निम्मं. पहिला हप्ता मृगाच्या सरी पडून माती आतपर्यंत ओली झाली की. कोरड्या तापलेल्या मातीत पेंड घालू नका. दुसरा हप्ता सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये, जमिनीत ओल असते आणि पाऊस धुऊन नेत नाही तेव्हा. जुलै-ऑगस्टमध्ये जोरखत आणि पातळ खत टाळा. उन्हाळी भाजीला हप्ते आणखी लहान करून दर तीन आठवड्यांनी द्या. हापूसला हा नियम लागू नाही (प्रश्न १७).

४. विकत आणलेलं शेणखत कुजलेलं आहे की कच्चं, ओळखायचं कसं?

मूठभर हातात घ्या आणि दाबा. कुजलेलं खत गार लागतं, काळपट तपकिरी असतं, दाबल्यावर गोळा होतो आणि बोटाने टोचला की मोडतो. त्यात गवताची काडी किंवा पेंढा ओळखू येत नाही. वास पावसानंतरच्या रानातल्या मातीचा. नाकाला झोंबणारा वास आला, ढिगात हात घातल्यावर ऊब लागली, किंवा आत पिवळट शेणाचा गोळा निघाला, तर ते कच्चं आहे.

शंका असेल तर एका कुंडीत निम्मी माती आणि निम्मं ते खत मिसळून मेथी पेरा. चार-पाच दिवसांत मेथी हिरवीगार उगवली तर खत वापरा. उगवण तुरळक झाली, किंवा रोपं पिवळी पडून करपली, तर ढीग ओला करून झाकून अजून दीड-दोन महिने ठेवा. कच्चं शेण थेट मुळाशी गेलं तर मुळं भाजतात, वाळवी येते, आणि गुरांनी खाल्लेल्या गवताचं बी वाफाभर उगवतं. निंदणीचा तो त्रास पुढची दोन वर्षं पुरतो.

५. गोठ्यामागची गायरी (शेणखताचा ढीग) पावसात उघडीच असते. पूर्वीपासून तशीच आहे. काय बिघडतं?

ढिगातून जे तांबूस-काळं पाणी ओघळतं, ते खतातलं नत्र आणि पालाश असतं. चार महिन्यांनी जे उरतं त्याला भर आहे, जोर नाही. खर्चिक काही करायची गरज नाही. जमिनीपेक्षा वीतभर उंच जागा घ्या, भोवती पाणी वळवणारा चर काढा, आणि वर चार मेढींवर झावळ्यांचं किंवा जुन्या पत्र्याचं छप्पर घाला. ओघळ थांबवता येत नसेल तर तो केळीकडे वळवा.

६. परड्यात आंबा-फणसाचा पातेरा डोंगराएवढा पडतो. लवकर कुजतही नाही. जाळून राख घातली तर काय हरकत आहे?

कृपया जाळू नका. जाळल्यावर नत्र हवेत जातं आणि माती भुसभुशीत करणारा सगळा भागही जातो. उरते ती मूठभर राख, आणि तिच्यातलं पालाश पहिल्या मोठ्या पावसात धुऊन जातं. प्रश्न २ मध्ये सांगितलेली जांभ्या मातीची भूक भागवणारी एवढी मोठी, फुकट आणि दारात पडलेली दुसरी वस्तू आपल्याकडे नाही.

आंबा, फणस, काजू यांची पानं जाड आणि चिवट असतात, हे खरंच. त्यासाठी मार्चमध्ये गोळा केलेला पातेरा जांभ्या दगडांच्या कमरेएवढ्या चौकटीत भरा. वीतभर पातेरा, त्यावर शेणकाला, त्यावर गिरीपुष्पाचा ओला पाला, पुन्हा पातेरा, असे थर लावा. आधी पानं पायाखाली चांगली चुरली तर वेळ वाचतो. उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी मारा आणि पावसात वरून झाका. पुढच्या वर्षीच्या मिरगापर्यंत खालचा थर वापरण्याजोगा होतो. न कुजलेला पातेराही वाया जात नाही, आळ्यात आच्छादन म्हणून अंथरा.

भाताच्या रोपासाठी राब भाजतात, तो वेगळा विषय. तिथे तणाचं बी मारणं हा हेतू असतो.

विंचू-सापाच्या भीतीने बरेच जण जाळतात, आणि ती भीती रास्त आहे. ढीग घरापासून आणि पायवाटेपासून लांब ठेवा, हात घालण्याआधी काठीने हलवा, आणि पायांत गमबूट घाला.

७. कुंपणाच्या गिरीपुष्पाचा पाला न कुजवता घातला तर चालतो का?

चालतो, आणि कोकणात याच्याइतकं सोपं नत्राचं खत नाही. पाला कोवळा असल्यामुळे पावसाळी उबेत तीन-चार आठवड्यांत विरतो. फुलावर येण्याआधी फांद्या छाटा, पाला आळ्यात पसरा आणि वर पातेरा टाका. खोडाला टेकवू नका. बी आणि साल उंदीर मारायला वापरतात, म्हणून लहान मुलांना शेंगांशी खेळू देऊ नका.

८. ओल्या कचऱ्याचं खत करताना काय घालावं आणि काय घालू नये? आमच्या बादलीत नेहमी घाण वास येतो.

वास येतो तो ओलं जास्त आणि सुकं कमी पडल्यामुळे. एक भांडं ओल्या कचऱ्यावर दोन भांडी सुका पातेरा, नारळाचा भुसा किंवा फाडलेला पुठ्ठा घाला आणि आठवड्यातून एकदा वरखाली करा. भाजीची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा, निर्माल्य सगळं चालतं. निर्माल्यातला दोरा आणि जर आधी काढा. आंब्याची कोय आणि करवंटी फार काळ तशीच राहते, ती वेगळी ठेवा.

शिजलेलं अन्न, तेल, हाडं उघड्या ढिगावर टाकू नका, उंदीर येतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस पसरतो तो मुख्यतः उंदरांच्या मुतामुळे, त्यामुळे ही बाब हलक्यात घेऊ नका. मासळीची खवलं, डोकी, आतडी हे उत्तम खत आहे, पण दीड हात खोल खड्ड्यात, केळीच्या किंवा माडाच्या आळ्याच्या कडेला पुरा आणि वर दगड ठेवा. नाहीतर रात्रीत कुत्री उकरतात.

याच कचऱ्यावर गांडुळं सोडायची असतील तर तो आधी दोन-तीन आठवडे अर्धवट कुजू द्या. आयसेनिया फेटिडा किंवा उष्णता सोसणारं युड्रिलस युजेनी आणा. परड्यातली खोल बिळं करणारी गांडुळं टाक्यात टिकत नाहीत. मिरची, लिंबाच्या साली, खारट काही नको, सावली हवी, आणि टाक्याच्या पायांना मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या हव्यात.

९. गच्चीवर बारा इंची कुंड्या आहेत. कशाचं किती घालू?

भरताना दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळ खत, एक भाग धुतलेला नारळाचा भुसा, वर मूठभर निंबोळी पेंड. नारळाच्या भुशात खार असतो, दोन-तीन पाण्यांतून काढल्याशिवाय वापरू नका. त्याचं स्वतःचं पोषण जवळजवळ शून्य आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

पुढे दर महिन्याला दोन मुठी गांडूळ खत, आणि फळभाजी असेल तर दोन महिन्यांतून एकदा दोन मोठे चमचे पेंड. पेंड कडेने मातीत मिसळा. वर पडून राहिली तर बुरशी धरते. ती पांढरी बुरशी झाडाला अपाय करत नाही, फक्त माती हलवून द्या. कुंडीच्या कडेला पांढरा खार जमला असेल तर महिनाभर खत थांबवा आणि तळातून पाणी निघेपर्यंत दोनदा भरपूर पाणी द्या.

१०. निंबोळी, करंज, एरंडी, भुईमूग. कोणती पेंड घेऊ?

भुईमुगाच्या पेंडीत नत्र सर्वांत जास्त, सुमारे सात टक्के, पण ती महाग पडते आणि मुंग्या-उंदीर ओढते. निंबोळी हळू विरघळते आणि मुळांवरच्या सूत्रकृमींना आवर घालते, म्हणून भेंडी, टोमॅटो, केळ, मिरवेल यांना तीच द्या. करंजीचं कामही जवळपास तसंच.

एरंडीच्या पेंडीबद्दल मात्र ठासून सांगायचं आहे: तिच्यात रिसिन नावाचं विष असतं. कुत्र्यांना तिचा वास आवडतो आणि थोडी खाल्ली तरी जीव जाऊ शकतो. घरात कुत्रं, मांजर, कोंबड्या किंवा मोकळी गुरं असतील तर एरंडी आणूच नका. हाडांच्या चुऱ्यात एरंडी मिसळलेली तयार पाकिटंही मिळतात, त्यावरची घटकांची यादी वाचा.

११. बंबाची राख झाडांना घालावी का?

जांभी माती आंबट, त्यामुळे लाकडाची राख इथे मानवते. तिच्यात पालाश आणि चुना असतो, नत्र नसतं. वाफ्याच्या एका चौरस हाताला एक मूठ, वर्षातून एकदा, ऑक्टोबरमध्ये. शेणखत, गोमूत्र किंवा पेंडीबरोबर एकत्र कालवू नका, नत्र वायू होऊन उडतं; मध्ये पंधरा दिवस जाऊ द्या. काळ्या मातीत आणि गच्चीच्या कुंडीत राख टाळा. दगडी कोळशाची किंवा प्लास्टिक-पुठ्ठा पेटवलेल्या बंबातली राख कुठेच नको.

१२. ताक, तांदळाचं धुवण, केळीच्या सालीचं पाणी, अंड्याची टरफलं यांनी खरंच काही होतं का?

थोडं होतं, पण खताची जागा कोणीच घेत नाही. तांदळाचं धुवण बिनधास्त घाला. कढीपत्त्याला आंबट ताक पाण्यात पातळ करून महिन्यातून एखाद्या वेळी चालतं, मीठ घातलेलं नको. केळीची साल पाण्यात भिजवून ते पाणी घालण्यापेक्षा साल चिरून कंपोस्टात टाकलेली बरी. टरफलं भुकटी केली तरच उपयोगी, अख्खी वर्षभर तशीच दिसतात. मासे धुतलेलं पाणी ताजं असेल तर आळ्यात ओतून वर माती टाका. सुक्या मासळीचं खारं पाणी मात्र कोणत्याच कुंडीत ओतू नका.

१३. जीवामृत दर आठवड्याला देतो. आता वेगळं खत नको ना?

खत हवंच. दहा लिटर पाण्यात अर्धा किलो ताजं शेण, तितकंच गोमूत्र, शंभर ग्रॅम गूळ, शंभर ग्रॅम बेसन आणि मूठभर सकस माती, दोन दिवस सावलीत, रोज दोनदा ढवळून: एवढ्या मिश्रणात झाडाला पुरेल इतकं नत्र येत नाही. ते जिवाणूंचं विरजण आहे. मातीत पातेरा आणि भरखत असेल तर ते कुजवायला मदत करतं, रिकाम्या मातीत त्याला कामच नाही. तयार झाल्यावर आठवड्याच्या आत, दहापट पाणी घालून, ओल्या मातीत वापरा. शेण कच्चं असल्यामुळे पालेभाजीच्या पानांवर फवारू नका (प्रश्न १८).

१४. जुलैत मिरचीची, जास्वंदीची पानं पिवळी पडली. खत वाढवू का?

आधी पाणी बघा. मुळाशी पाणी तुंबलं तर मुळांना हवा मिळत नाही आणि पानं पिवळी पडतात. त्यावर खत घालणं म्हणजे कुजणाऱ्या मुळांवर आणखी भार. चर काढा, कुंडीचं भोक मोकळं करा, आठ दिवस थांबा. निचरा चांगला असूनही खालची जुनी पानं सबंध पिवळी होत असतील तर नत्र कमी आहे. जुन्या पानांच्या कडा करपत असतील तर पालाश. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर लोह मिळत नाही. हे जांभ्या मातीपेक्षा राख-चुना जास्त झालेल्या कुंड्यांत दिसतं.

१५. खताच्या ढिगात अळ्या दिसतात. ठेवू की मारू?

कोणत्या आहेत त्यावर ठरेल. ओल्या कचऱ्याच्या बादलीत चपट्या, करड्या-तपकिरी, वळ्यावळ्यांच्या, वळवळत वर चढणाऱ्या अळ्या असतील तर त्या काळ्या सैनिक माशीच्या. त्या कचरा भराभर संपवतात, माणसाला काही करत नाहीत. राहू द्या.

जुन्या गायरीत खोदताना अंगठ्याएवढी जाड, पांढरी, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली अळी निघाली तर ती बहुधा गेंड्या भुंग्याची. अळी जिवंत झाड खात नाही, पण तिचा भुंगा माडाच्या सुईत (शेंड्याच्या न उमललेल्या झावळीत) भोक पाडतो आणि उमललेल्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसतात. ज्यांच्या परड्यात माड आहेत, त्यांनी ही अळी सोडू नये. गायरी दोन-तीन महिन्यांनी उलथा, अळ्या वेचून कोंबड्यांना घाला, ढिगात मेटाऱ्हायझियम ही अळ्यांना मारणारी बुरशी मिसळा, आणि पडलेला कुजका माडाचा सोट परड्यात ठेवू नका. लहान माडांच्या सुईजवळच्या बेचक्यांत निंबोळी पेंड आणि वाळू समप्रमाणात मिसळून भरली की भुंगा फिरकत नाही.

तशीच पण लहान पांढरी अळी वाफ्यात किंवा कुंडीत मुळांजवळ सापडली आणि झाड मलूल असेल, तर ती हुमणी. ती मुळं खाते. माती उपसून वेचा.

१६. माडाला सेंद्रियच द्यायचं ठरवलंय. किती द्यावं? आणि मीठ घालावं का?

मोठ्या माडाला वर्षाला ५० किलो शेणखत, शिवाय जवळपास एक किलो नत्र आणि त्याहून थोडं जास्त पालाश लागतं, असं दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या शिफारशी सांगतात. ५० किलो शेणखतातून पाव किलो नत्र येतं, पाच किलो निंबोळी पेंडीतून आणखी पाव किलो. उरलेल्यासाठी गिरीपुष्पाचा पाला दोन-तीन छाटण्यांचा, आणि आळ्यात मिरगाला चवळी पेरून फुलावर येताच तिथेच गाडायची. पालाशासाठी राख आणि माडाच्याच झावळ्या. चुडतं बाहेर विकण्याऐवजी आळ्यात परत जाऊ द्या. खत बुंध्याशी ओतू नका, पाच-सहा फुटांवर गोल चरात घाला, खाणारी मुळं तिथे असतात. सोडणं (नारळाची सालं) चरात पुरायची असतील तर पोटाची बाजू वर ठेवून, पाणी धरतात. वर अंथरायची असतील तर पालथी.

माड मीठ सोसतो आणि त्यातला क्लोरीन त्याला लागतो, पण समुद्राच्या वाऱ्यात तो मिळतोच. आगरात माडाखाली पोफळी, जायफळ, केळी असतील तर मीठ घालू नका. माड टिकेल, ती झाडं करपतील.

१७. हापूसच्या एकाच झाडाला ऑक्टोबरमध्ये शेणखत आणि पेंड दिली, तर मोहराऐवजी पालवीच आली. का?

पाऊस संपताना नत्र मिळालं की आंबा पालवी फोडतो. त्याला मोहरायला कोरडा, थोडा उपाशी काळ आणि थंडी लागते. आंब्याचं सगळं खत जूनमध्येच, फांद्यांचा घेर संपतो त्याच्या थोडं आत गोल चर काढून द्या. सप्टेंबरनंतर पेंड, गोमूत्र, जीवामृत काहीही नको. शेजारच्या भाजीच्या वाफ्याचं खत-पाणी आंब्याच्या मुळांपर्यंत जातं, वाफा लांब ठेवा.

१८. पालेभाजीला शेणकाला किंवा कोंबडी खत दिलं तर खाताना धोका आहे का?

कच्चं असेल तर आहे. कच्चं शेण आणि भाजीची काढणी यात तीन-चार महिने जायला हवेत, आणि पालेभाजी तर महिन्यात निघते. म्हणून तिला फक्त पुरतं कुजलेलं खत, तेही पेरणीआधी. कोंबडी खत फार उष्ण, कुजवल्याशिवाय कुठेच नको. हाताला जखम असेल तर हातमोजे घाला आणि धनुर्वाताची लस वेळच्या वेळी घ्या.

१९. थोडं रासायनिक वापरलं तर सगळं वाया जातं का?

नाही. आळ्यात भरखत आणि पातेरा असेल तर मूठभर रासायनिक खताने गांडुळं मरत नाहीत. माडाला पालाश कमीच पडत असेल तर ते बाहेरून द्यावं, असं माझं मत आहे. सेंद्रिय म्हणून भाजी विकत असाल तर मात्र चालणार नाही.

२०. आम्ही मुंबईत. गावी मे महिन्यात आणि गणपतीला जातो, बाकी घर बंद. खताचं काय करायचं?

या दोन खेपांत भागतं. मेमध्ये आळी स्वच्छ करून कुजलेलं भरखत घाला, माती ओढा, वर पातेऱ्याचा वीतभर थर द्या आणि वाऱ्याने उडू नये म्हणून झावळ्या आडव्या टाका. माती कोरडी असते, तेव्हा पेंड आणि पातळ खत या खेपेला नको. गिरीपुष्पाच्या फांद्या कुंपणाला लावायच्या तर याच वेळी. गणपतीला गेल्यावर पाऊस ओसरत आलेला असेल तर माड, पोफळी, केळी, मिरवेल यांना पेंड द्या, गिरीपुष्प छाटून पाला आळ्यात घाला. आंब्याला हात लावू नका. गणपती ऑगस्टमध्येच आले आणि पाऊस धो-धो चालू असेल तर पेंड शेजाऱ्यांकडे कोरड्या डब्यात ठेवून द्या आणि नवरात्राच्या सुमारास घालायला सांगा.